सहभाग : शून्य

कॉलेजात त्यांना सगळे सेव्हबाई म्हणत. तोंडावर नुसतं 'बाई', पाठ वळली की सेव्हबाई. पहिल्या वर्षाच्या मुलांना त्या दर दहा मिनिटांनी विचारायच्या, "सेव्ह केलंत का?" आणि मागच्या रांगेतून कुणीतरी हुबेहूब त्यांच्याच आवाजात उत्तर द्यायचं, "केलं हो, कालही केलं होतं." वर्ग खिदळायचा. बाई रागवायच्या नाहीत. शांतपणे त्या मुलाच्या कॉम्प्युटरपाशी जायच्या आणि खरंच सेव्ह केलंय का ते बघायच्या. बहुतेकदा केलेलं नसायचं.

कॉम्प्युटरची पदवी घ्यायला आलेल्या या मुलांना वाटे, पहिल्याच महिन्यात आपण काहीतरी अचाट बनवणार. आणि पहिल्याच सोमवारी पुढ्यात या बाई. शिकवायच्या काय, तर फाइलला नाव कसं द्यायचं. एका वर्षी एका मुलाच्या फोल्डरमध्ये 'शेवटचं', 'अगदी शेवटचं', 'हेच शेवटचं' आणि 'आता हात लावू नका' अशा चार फाइली निघाल्या, आणि त्यातली खरी कोणती ते त्याचं त्यालाच सांगता येईना. तेव्हापासून बाई तोच दाखला देत. मग मेल कशी लिहायची, एकाच फाइलवर चौघांनी मिळून काम कसं करायचं, कुणी काय बदललं ते मागे जाऊन कसं बघायचं, बैठकीत ठरलेलं कुणी टिपून ठेवायचं, आणि आपलं घोडं अडलंय हे गटाला कधी सांगायचं. मुलांना हे सगळं बालवाडीतलं वाटे. वरच्या वर्गातली मुलं मात्र नव्यांना सांगत, "बाकीचे तास बुडव. तो नको बुडवू."

एक गोष्ट नव्यांना चमत्कारिक वाटायची. या बाईंच्या तासाला शांतता फार. बाई एखाद्याला उभं करून प्रश्न विचारत आणि मग वाट बघत. दुसरे शिक्षक चार-पाच सेकंद थांबून पुढच्याला विचारतात. बाई थांबायच्या ते थांबायच्याच. पंख्याचा आवाज ऐकू यायला लागे. शेजारचा कोपराने ढोसून उत्तर पुरवायला लागला की त्या नुसता तळहात वर करायच्या. "त्याचं त्याला बोलू दे. नाहीतर लिहून देऊ दे. आपल्याला कुठे जायचंय?"

स्टाफरूममध्येही त्यांच्या सवयींची चर्चा व्हायची. बाई एकही मेल न उघडता ठेवत नसत. जाहिराती, फसवणुकीची पत्रं, कचऱ्याच्या फोल्डरात आपोआप जाऊन पडलेलं सगळं त्या रोज ओळीने तपासत. वर्षाच्या शेवटी कॉलेजची सामायिक डिस्क पुसायची वेळ आली की एक जुना फोल्डर त्या आधी दुसरीकडे काढून ठेवत आणि डिस्क रिकामी झाली की परत आणून ठेवत. कुणी विचारलं तर म्हणत, "आहे एकाचं काम."

तिसरी सवय कुणाच्या ध्यानात आली नव्हती. 'राहू दे' हे दोन शब्द बाईंच्या बोलण्यातून गेले होते, ते कायमचे. ते फक्त ताईला माहीत होतं.

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. पस्तीस वर्षं रुग्णालयात नर्स होती, आता निवृत्त. दोघी दोन खोल्यांत एकत्र राहत. एकदा जेवणं झाल्यावर ताई सहज म्हणाली, "राहू दे ती भांडी, मी घासते," आणि बाईंच्या हातातलं पातेलं नळाखाली तसंच धरलेलं राहिलं. भरून वाहायला लागलं तरी त्यांना कळेना. ताईने पुढे होऊन नळ बंद केला.

"काय झालं गं?"

"काही नाही."

ताईचा जन्म वॉर्डात गेलेला. 'काही नाही'चे किती प्रकार असतात ते तिला पाठ होते. तिने पातेलं हातातून घेतलं आणि घासून टाकलं. पुढे तिला सगळं कळलं, तेही बाईंनीच सांगितलं म्हणून.

घडलं होतं ते असं.

तेव्हा बाईंकडे शिकवण्याबरोबर लॅब उघडायचंही काम होतं. सकाळी सातला कुलूप काढायचं, बत्तीस कॉम्प्युटर पुसायचे, चालू करून बघायचे, आठला पहिला तास. सत्र सुरू होऊन महिना झाला असेल, एक दिवस दारात पहिल्या वर्षाची एक मुलगी उभी. बोलली काहीच नाही. बोटाने आतला कॉम्प्युटर दाखवला, मग भिंतीवरच्या घड्याळातला आठाचा आकडा दाखवला. बाईंनी मान हलवली. मुलगी तिसऱ्या ओळीत जाऊन एकोणीस नंबरपाशी बसली आणि कीबोर्ड वाजायला लागला.

त्या दिवसापासून ती रोज येई. बाई फडकं घेऊन ओळीओळीने फिरत, ती टाइप करत राही. साडेतीन-चार महिने दोघी रोज तासभर एका खोलीत होत्या आणि दोघींत दहा वाक्यंही झाली नसतील. तिला बोलताना अडायचं. विशेषतः 'म' आणि 'प' आले की शब्द ओठांवर येऊन तिथेच बसकण मारायचा, मान ताठ व्हायची, डोळे मिटायचे. म्हणून ती बोलायच्या भानगडीतच पडत नसे. एकदा बाईंना सर्दी झाली होती. पुसणं आटोपून टेबलाशी आल्या तर गरम पाण्याचा पेला झाकून ठेवलेला. बाईंनी वळून बघितलं. मुलगी पडद्यात डोकं घालून बसलेली.

त्या वर्षी चौघाचौघांचे गट पाडले होते. प्रत्येक गटाने एक छोटा प्रोग्राम बनवायचा आणि त्याचा रिपोर्ट लिहायचा. या मुलीच्या गटाकडे कॉलेजच्या ग्रंथालयाचं काम आलं: कुठलं पुस्तक कुणाकडे, परत कधी येणार, उशीर कुणी केला. यादीत तिचं नाव चौथं होतं. गटातल्या इतर तिघांनी तिला चौथी म्हणायला सुरुवात केली, आणि मग सगळा वर्गच म्हणायला लागला. त्या तिघांत एक पोरगा भलता बोलका होता. समोरच्याने तोंड उघडायच्या आत त्याचं वाक्य हा पुरं करणार. साहजिकच तो गटाचा म्होरक्या झाला.

गुण द्यायची पद्धत बाईंनीच बसवलेली होती, आणि त्यांना तिचा अभिमान होता. सहभागाचे चाळीस गुण. ते चौघांत कसे वाटायचे ते गटानेच ठरवायचं, फॉर्मवर लिहायचं, खाली बाईंची सही. मुलांना जबाबदारी कळावी हा हेतू.

सादरीकरणाच्या दिवशी बावीस गट होते. बाहेरून परीक्षक आले होते आणि दुपारपर्यंत सगळं आटपून त्यांना पुढच्या गावी जायचं होतं. ग्रंथालयाचा गट सोळावा. म्होरक्याने झकास सांगितलं, बाकी दोघांनी आपापला भाग घडाघडा म्हटला. प्रश्नांना उत्तरंही चोख आली. परीक्षक खूश झाले आणि चौथीकडे वळले.

"तुम्ही काय केलंत यात?"

तिने तोंड उघडलं. "म..." आणि शब्द अडला. तिने श्वास घेतला, पुन्हा "म..." मान ताठ झाली. डोळे मिटले. दाराशी सतरावा गट येऊन उभा राहिला होता, त्यातलं कुणीतरी फिसकन हसलं. परीक्षकांनी घड्याळ बघितलं. म्होरक्या हलक्या आवाजात म्हणाला, "सर, तिने तसं फारसं काही केलेलं नाही. आम्ही फॉर्मवर लिहिलंय."

बाईंना तिची कीव आली, आणि ती कीव अगदी खरी होती. चारचौघांत तिची शोभा नको म्हणून त्या घाईने म्हणाल्या, "राहू दे. बस खाली."

ती बसली. बाईंनी फॉर्म ओढला. चौदा, तेरा, तेरा, शून्य. त्यांनी हिरव्या शाईने सही केली आणि सतराव्या गटाला आत बोलावलं.

बाहेर जाताना चौथीने एकदा त्यांच्याकडे बघितलं. रागाने नाही. आपल्या बाजूने साक्ष द्यायला आलेला माणूस ऐन वेळी न बोलता उठून गेला, तर त्याच्याकडे बघावं तसं.

दुसऱ्या दिवशी सातला ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवड्याने कार्यालयातून चिठ्ठी आली, स्वेच्छेने प्रवेश रद्द. बाईंनी हजेरीपटावर रेघ मारली. तेव्हा त्यांना काहीच खटकलं नाही. पुढे सगळ्यात जास्त सलली ती हीच गोष्ट.

पाच महिन्यांनी, सुट्टीत, डिस्क पुसण्याआधी त्या एकेक फोल्डर चाळत होत्या. कुणाचं काही महत्त्वाचं राहून जाऊ नये एवढंच मनात. ग्रंथालयाच्या गटाचा फोल्डर उघडला आणि सवयीने त्यांनी बदलांचा इतिहास बघितला. कुणी, केव्हा, काय बदललं, त्याची यादी.

दोनशे बारा नोंदी होत्या. दोनशे नऊ चौथीच्या, सगळ्या सकाळी सात वाजून पाच मिनिटं ते सात पंचावन्न या वेळेतल्या. राहिलेल्या तीन त्या तिघांच्या, एकेकाची एकेक. मुखपृष्ठावर स्वतःचं नाव टाकलेलं.

आत आणखी एक फाइल होती, 'तुमच्यासाठी' नावाची. त्यात तिने तिघांना कोणी काय बोलायचं ते सोप्या भाषेत लिहून दिलं होतं. परीक्षक काय विचारतील आणि त्याला काय उत्तर द्यायचं, तेसुद्धा. सगळ्यात खाली एकच ओळ: "माझा भाग: मी बाईंना विचारते, लिहून दिलं तर चालेल का."

बाईंनी ती ओळ पुन्हा वाचली. मला हिने कधी विचारलं? मग त्यांना आठवलं. विषयाची ओळ रिकामी असलेली मेल थेट कचऱ्यात जावी, अशी सोय त्यांनी स्वतः करून ठेवली होती. वर्गात मोठ्या तोऱ्यात सांगायच्याही, "ज्याला विषय नाही, ते पत्र मी उघडत नाही."

कचऱ्याच्या फोल्डरात ती सापडली. सादरीकरणाच्या आदल्या संध्याकाळची.

"बाई, उद्या मला बोलता येणार नाही. मी केलेलं काम लिहून दिलं तर चालेल का? तुम्ही रोज बघताच."

तुम्ही रोज बघताच. बाईंनी लॅबकडे मान वळवली. सगळे पडदे काळे होते, खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवल्या होत्या. एकोणीस नंबरपाशी कोणी नव्हतं. रोज बघत होत्या त्या. फडकं हातात घेऊन, चार महिने, आपल्या डोळ्यांनी. आणि त्यांच्या तोंडून निघालं काय, तर 'राहू दे'.

त्या विभागप्रमुखांकडे गेल्या. ते वाईट नव्हते, थकलेले होते. "बाई, निकाल लागला. मुलगी स्वतःहून गेली. आता उकरून काढून हाती काय लागणार?" बाईंनी परीक्षा विभागाला अर्ज केला, इतिहासाच्या छापील पानांसकट. अर्ज दाखल करून घेतल्याची पोच आली, पुढे काही नाही. प्रवेशाच्या फॉर्मवरच्या फोन नंबरावर कुणी भलताच माणूस निघाला. पत्त्यावर पत्र टाकलं ते 'इथे राहत नाहीत' असा शेरा घेऊन परत आलं.

त्या दिवशी त्यांनी ताईला सगळं सांगितलं. ताई ऐकत राहिली. मग म्हणाली, "मी एका पेशंटला पाणी नको म्हटलं होतं. ऑपरेशनच्या आधी देत नाहीत. तो तहानलेलाच गेला. नियम बरोबर होता माझा. तरी येतो तो."

"मग काय करतेस?"

"काय करणार? येतो, बसतो, जातो."

चौथी जायची नाही. बाई सकाळी कुलूप काढून आत शिरल्या की तिसऱ्या ओळीकडे बघायचं टाळत, आणि टाळलं म्हणूनच कीबोर्डचा आवाज कानात यायचा. कधी हलका, कधी घाईघाईचा, मध्येच थांबणारा, वाचून बघतेय वाटायला लावणारा. वळून बघितलं की काही नाही. बस थांब्यावर, बँकेच्या रांगेत एखादी पाठमोरी मुलगी दिसायची आणि बाई चार पावलं पुढे जाऊन तिचा चेहरा बघून यायच्या. पेपरातल्या लहानसहान बातम्या, कोण कुठे सापडलं, कुणाची ओळख पटलेली नाही, त्या बाई दोनदोनदा वाचायच्या. ती आहे तरी का, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. हा प्रश्न कुणाला विचारायचा तेही ठाऊक नव्हतं.

चाळीस गुणांचा फॉर्म त्यांनी त्याच वर्षी फाडला. तेव्हापासून सादरीकरणाआधी प्रत्येक गटाचा इतिहास त्या स्वतः वाचत, प्रत्येकाला वेगळं बोलावत, आणि ज्याला बोलायचं नसेल त्याला कागद देत. मुलांना वाटे, बाई पहिल्यापासून अशाच असणार.

अकरा वर्षं गेली. मग कॉलेजात एक नवे सर आले.

स्टाफरूममध्ये पाठ करून बसलेल्या बाईंनी आधी आवाज ओळखला. "बाई, ओळखलंत का?" म्होरक्याच होता. केस विरळ झालेले, डोळ्यांवर जाड चष्मा, पण दुसऱ्याचं वाक्य पुरं करायची सवय तीच. दुसऱ्या वर्षाला प्रोग्रामिंग शिकवायला आला होता.

पंधरा दिवस बाईंनी त्याला टाळलं. एक दिवस मात्र तो चारचौघांत म्हणाला, "टीमवर्क म्हणजे काय ते मी या बाईंकडे शिकलो," आणि बाईंनी कप खाली ठेवला. त्या उठल्या. "सर, जरा लॅबमध्ये येता?"

लॅब रिकामी होती. त्यांनी त्याला एकोणीस नंबरपाशी बसवलं, फोल्डर उघडला, आणि इतिहास, 'तुमच्यासाठी' आणि ती मेल एकामागून एक समोर ठेवली. त्या शेजारी उभ्या राहिल्या. तो आता म्हणेल, आम्ही तेव्हा पोरं होतो. किंवा म्हणेल, मला आठवत नाही. दोन्हीला काय उत्तर द्यायचं ते त्यांनी अकरा वर्षं घोकून ठेवलं होतं.

तो म्हणाला, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"सगळं तिने केलं होतं ते. तिघांनाही माहीत होतं." त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "शून्य लिहायचं माझ्याच डोक्यातून निघालं. चाळीस चौघांत वाटले तर दहा-दहाच आले असते. मी म्हटलं, तिला गुणांची काय गरज, ती हुशार आहे, काढेल पुढे. मला खरंच वाटलं होतं, बाई, की ती काढेल पुढे."

"आणि ती गेली तेव्हा?"

"तेव्हा वाटलं, कुणी विचारलं तर सांगू. कुणी विचारलंच नाही." त्याने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "चार वर्षांपूर्वी ती मला दिसली."

"कुठे?" बाईंनी विचारलं.

"पलीकडच्या भागात चष्म्याचं दुकान आहे. मी डोळे तपासून घ्यायला गेलो होतो. आतल्या खोलीत ती काच घासत होती. तिने वर बघायच्या आत मी बाहेर पडलो. चष्मा दुसरीकडे केला."

म्हणजे ती होती. चार वर्षांपूर्वी तरी होती. बाईंना त्याच्यावर ओरडायचं होतं, त्याने हे चार वर्षं पोटात ठेवलं म्हणून. त्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. शेवटी त्या म्हणाल्या, "पत्ता लिहून दे."

शनिवारी दुपारी बाई गेल्या. ताई म्हणाली होती, "मी येऊ का?" बाई म्हणाल्या, "नको, हे माझं एकटीचं आहे." पिशवीत त्यांनी इतिहासाची नऊ पानं छापून घेतली होती.

दुकान अरुंद होतं. भिंतीभर रिकाम्या फ्रेमा. काउंटरच्या मागे काचेचं दार, दारामागे घासायच्या मशीनचा बारीक आवाज, आणि मशीनपाशी तिशीला आलेली एक बाई, डोळ्यांना मोठं भिंग लावलेली. ती फ्रेममध्ये काच बसवत होती, उजेडात धरून बघत होती, काढून पुन्हा जरा घासत होती.

मालकाने दार उघडून तिला हाक मारली आणि बाईंना आत सोडलं. तिने भिंग वर सरकवलं आणि बाईंना बघितलं. ओळखायला तिला वेळ लागला नाही.

"तुम्ही... तू... बसू का जरा?" बाईंना काय म्हणावं कळेना.

तिने स्टूल पुढे सरकवलं. बाईंनी नऊ पानं काढून तिच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. फॉर्म, फोल्डर, अर्ज, परत आलेलं पत्र. चुकले, असंही म्हणाल्या. ऐकून झाल्यावर तिने पानं चाळली. तिसऱ्या पानावर जरा थांबली, मग सगळी नीट जुळवून परत बाईंकडे सरकवली.

"म..." ती म्हणाली आणि 'म'शी अडली. बाई वाट बघत राहिल्या. मशीन बंद होतं. बाहेरून मालकाच्या बोलण्याचा आवाज येत होता. "मला माहीत आहे मी काय केलं होतं ते. हे तुम्हाला हवं होतं."

बाईंनी पानं जवळ ओढली.

"मेल..." पुन्हा ती अडली, डोळे मिटले, उघडले. "मेल वाचलीत का?"

"वाचली. पाच महिन्यांनी. वर विषय नव्हता, म्हणून ती..."

तिने मान हलवली, जणू हे तिला अपेक्षितच होतं. "काय लिहायचं सुचलं नाही. खूप वेळ बसले होते."

बाई हमसून रडल्या नाहीत. त्यांना वाटलं होतं आपण रडू. डोळे कोरडेच राहिले.

"आता काय करता," तिने विचारलं, "असं कुणी असलं तर?"

बाईंनी सांगितलं. फॉर्म फाडला ते, स्वतः इतिहास वाचते ते, कागद देते ते, वाट बघते ते. सांगताना त्यांना आपलंच बोलणं अर्जासारखं वाटत होतं. ती लक्ष देऊन ऐकत होती.

"बरं," ती म्हणाली. मग भिंग डोळ्यांवर ओढत, "बाई, मला काम आहे."

एवढंच. माफ केलं असं ती म्हणाली नाही, नाही असंही म्हणाली नाही. बाई पानं पिशवीत घालून निघाल्या. घरी आल्यावर ताईने चेहरा बघितला आणि काही न विचारता ताट वाढलं. जेवताना बाई एवढंच म्हणाल्या, "आहे ती. चांगलं काम करते." आणि जरा वेळाने, "मला वाटलं होतं, भेटले की सुटेन."

"आणि?"

"आता तिचा आत्ताचा चेहरापण येणार."

सोमवारी सकाळी लॅबमध्ये कीबोर्ड वाजला तो वाजलाच.

दोन महिन्यांनी नवे सर बाईंकडे आले, दार ओढून घेतलं आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "मी जाऊन आलो."

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"दुकान बंद व्हायच्या वेळी गेलो. मी सुरुवात करणार होतो, काय बोलायचं सगळं ठरवून गेलो होतो. ती म्हणाली, आधी मी. मग ती बोलली. चाळीस मिनिटं, बाई. मी मध्ये एकही शब्द पुरवला नाही. जिभेवर यायचे सारखे, पुढचा शब्द काय ते कळायचं मला, पण मी गप्प राहिलो. इतकं अवघड काम मी आजवर केलेलं नाही."

"काय म्हणाली?"

त्याने खिडकीबाहेर बघितलं. "ते तिने मला सांगितलं, बाई."

बाईंनी मान हलवली. त्यांना मत्सर वाटला, हे कबूल करायला हवं. ज्याने शून्य लिहिलं त्याला चाळीस मिनिटं मिळाली आणि ज्यांनी सही केली त्यांना चार वाक्यं. मग वाटलं, चौघांतला होता तो. तिच्या हिशेबात तो आधी येत असेल. आपण नुसत्या बघणाऱ्या.

"मला पहिल्या वर्षाचा एक तास द्याल?" त्याने विचारलं. "एकच. गटातलं ऐकणं म्हणून जो असतो, तो."

त्यांनी दिला. तेव्हापासून तो तास तोच घेतो आणि बाई मागच्या बाकावर बसतात. तो गोष्ट सांगत नाही, कुणाचा दाखला देत नाही. दोघादोघांच्या जोड्या लावतो. एकाने चार मिनिटं बोलायचं, आपण कुठे अडलोय ते सांगायचं. दुसऱ्याने तोंड मिटून ऐकायचं. शब्द पुरवायचा नाही, हूं म्हणायचं नाही. पहिल्यांदा हशा होतो, मग आवाज खाली येत जातो.

यंदा भिंतीलगतच्या जोडीतल्या एका मुलीला बोलताच आलं नाही. लाज असेल, भीती असेल, कुणास ठाऊक. दोन वेळा तिने सुरुवात केली आणि थांबली. समोरची मुलगी हात मांडीवर ठेवून तिच्याकडे बघत राहिली. इतर जोड्या संपल्या, मुलं वळून बघायला लागली, मग सगळा वर्ग गप्प झाला. बाई मागच्या बाकावरून बघत होत्या. पुढे फळ्याशी सर उभे होते, हातात घड्याळ. चार मिनिटं केव्हाच उलटून गेली होती. वेळ संपल्याचं त्यांनी सांगितलं नाही.